पिझ्झेरियात दर वेळी पिझ्झा मधे ओला, काठाला वातड: कारण शोधायचं कसं

तक्रार साधारण अशी असते. शहरातला नावाजलेला पिझ्झेरिया, बाहेर रांग, मेन्यूवरचे फोटो झकास. पिझ्झा टेबलावर येतो, पहिला तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं आणि सॉस-चीज घसरून ताटात पडतं. मधे लगदा, काठ चावून जबडा दुखतो, वर तेल साठलेलं. अर्धा संपेपर्यंत उरलेला गार. पुढच्या वेळी तीच गत. मग माणूस दुकान बदलतो, आणि तिथेही हेच.

यावर मिळणारा सल्ला एकच: आणखी चांगलं दुकान शोधा. तो फारसा कामाचा नाही, कारण दुकान बदललं तरी आपण जातो त्याच गर्दीच्या वेळी, मागवतो तोच भरगच्च पिझ्झा आणि टेबलावर सगळे पिझ्झे एकदम मागवतो. या तक्रारीमागे बहुतेक वेळा पाणी, उष्णता आणि वेळ यांचं बिघडलेलं गणित असतं. त्यातला काही भाग स्वयंपाकघराच्या हातात असतो आणि काही भाग, लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा, ऑर्डर देणाऱ्याच्या. कुठला भाग बिघडलाय ते पिझ्झ्याची खालची बाजू सांगते. वरून बघून काहीही कळत नाही.

आधी हे ठरवा: हा बिघाड आहे की पिझ्झाच तसा आहे

ही पायरी टाळू नका. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा मधे मऊ आणि ओलसरच असतो. युरोपीय संघाने 2010 मध्ये या पिझ्झ्याला पारंपरिक खाद्यपदार्थ म्हणून संरक्षण दिलं, त्याच्या नियमांतच हे लिहिलेलं आहे: व्यास 35 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, मधला भाग साधारण 4 मिलिमीटर जाड, काठ 1 ते 2 सेंटिमीटर फुगलेला, आणि तयार पिझ्झा मऊ, लवचीक, चार घड्या घालता येईल असा. भट्टी साधारण 485 अंश सेल्सिअसला तापलेली आणि भाजण्याचा वेळ फक्त 60 ते 90 सेकंद. एवढ्या वेळात वरचं पाणी उडून जाणं शक्य नाही, आणि उडावं अशी अपेक्षाही नाही. तो काट्या-सुरीने खायचा किंवा घडी घालून. तुम्ही तो ‘कच्चा’ म्हणून परत पाठवलात तर स्वयंपाकी नाइलाजाने पुन्हा भट्टीत घालतो आणि येतो तो कोरडा ठणठणीत. म्हणजे तक्रार करून पदरात आणखी वाईट पिझ्झा.

रोमच्या पातळ पिझ्झ्याचं उलटं. तो कमी आचेवर जास्त वेळ भाजतात, काठ जवळजवळ सपाट, आणि तो कुरकुरीतच हवा. न्यूयॉर्कच्या पद्धतीचा मोठा तुकडा उभा दुमडून हातात धरायचा असतो. टोक किंचित वाकलं तर चालतं, पण सॉस ओघळायला नको. शिकागोचा जाड पिझ्झा खोलगट भांड्यात अर्धा तास किंवा त्याहून जास्त भाजतात, म्हणून त्यात चीज खाली आणि सॉस वर असतो. उलट केलं तर पिझ्झा भाजून होईपर्यंत चीज जळून जाईल.

मेन्यूवर प्रकार स्पष्ट लिहिलेला नसेल तर वेटरला एकच प्रश्न विचारा: “भट्टीत किती वेळ असतो?” उत्तर दीड-दोन मिनिटं असेल तर मऊ पिझ्झा येणार. पाच मिनिटं किंवा त्यापुढे असेल तर कुरकुरीत अपेक्षित धरायला हरकत नाही. ज्यांना कुरकुरीत आवडतो आणि जे दर वेळी लाकडाच्या भट्टीसमोर जाऊन बसतात, त्यांची समस्या इथेच संपते. त्यांना तो प्रकार आवडत नाही, इतकंच.

तुकडा उचला आणि खाली बघा

प्रकार बरोबर आहे आणि तरीही पिझ्झा फसलाय असं वाटत असेल तर पुढची तपासणी पहिल्या मिनिटात करा. गरम पिझ्झा थंड, सपाट ताटलीवर ठेवला की त्याची वाफ खाली अडकते, ताटलीवर तिचं पाणी होतं आणि भट्टीतून कडक निघालेला तळही थोड्या वेळात मऊ पडतो. फोटो काढण्यात तीन-चार मिनिटं घालवून मग खालची बाजू तपासलीत तर तुम्ही स्वयंपाक्याचं काम तपासत नसता, ताटलीचं तपासत असता.

मधून एक तुकडा पूर्ण सोडवा, काट्याने उचला. खालचा रंग बघा. मग कापलेली कड डोळ्यांसमोर धरून पिठाचा थर आणि सॉस जिथे भेटतात ती रेष बघा. शेवटी काठ मोडून आत किती पोकळ्या आहेत ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तळ पांढरट, पण वरचं चीज शिजलेलं

हे भट्टीची लादी थंड पडल्याचं लक्षण. पिझ्झ्याला उष्णता दोन वाटांनी मिळते: खालून लादीतून, वरून भट्टीच्या घुमटातून, ज्वाळेतून किंवा गरम हवेतून. लादी उष्णता साठवून ठेवते आणि प्रत्येक पिझ्झा त्यातली थोडी घेऊन जातो. ती भरून यायला काही मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी त्याच जागेवर पाठोपाठ पिझ्झे पडत राहतात, लादीला सावरायला उसंत मिळत नाही. वरची आच मात्र तशीच असते. स्वयंपाकी वरून बघतो, चीज वितळलेलं, काठाला रंग आलेला, आणि पिझ्झा बाहेर काढतो. खाली पीठ अजून फिकटच.

उपाय पहिला म्हणजे वेळ. गर्दीच्या ऐन शिखरावर जाण्याऐवजी तास-दीड तास आधी जा. पण दार उघडल्या उघडल्याही नको. नुकत्याच पेटवलेल्या भट्टीची हवा लवकर तापते, लादी आतपर्यंत तापायला बराच जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसातले पहिले पिझ्झेही कधी कधी असेच फिकट येतात.

दुसरा उपाय ऑर्डर देतानाचा. “जास्त भाजा” असं म्हणू नका, त्याचा अर्थ वरचं चीज करपेपर्यंत ठेवा असाही होतो. “खालची बाजू चांगली भाजलेली हवी” असं म्हणा. हाताने चालवायच्या भट्टीत स्वयंपाकी पिझ्झा मोकळ्या, तापलेल्या जागेवर टाकू शकतो, थोडा वेळ अधिक ठेवू शकतो. सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये ही सोय नसते. तिथे पिझ्झा एका बाजूने आत जातो आणि ठरलेल्या वेळाने, साधारण पाच ते आठ मिनिटांनी, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. तिथे तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वरचं ओझं कमी ठेवणं.

आलेला पिझ्झा असा पांढरा असेल तर परत पाठवायला संकोच नको. हा एकच बिघाड असा आहे जो पुन्हा भट्टीत घालून खरोखर सुधारतो.

तळाला रंग आलाय, तरी मधे पाणीच पाणी

सगळ्यात जास्त वेळा आढळणारा बिघाड हाच, आणि यात ऑर्डर देणाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा.

पाणी 100 अंशांना उकळतं आणि ते संपेपर्यंत त्या जागेचं तापमान फारसं पुढे सरकत नाही. पिठाला आणि चीजला जो तपकिरी रंग आणि भाजका वास येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे येऊ लागतो. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवत राहिलं तरी आधी नुसती वाफच निघते, तसंच हे. आणि वाफ करणं फार महाग पडतं: खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहा-सात पट उष्णता तेच पाणी पूर्ण उडवायला लागते. भट्टी कितीही तापलेली असो, पिझ्झ्यावर पाणी जास्त असेल तर उष्णता आधी त्याच्यावर खर्च होते.

आता हे पाणी येतं कुठून ते बघा. टोमॅटोत 94-95 टक्के पाणी. मशरूम, ढोबळी मिरची, पालक यांत 90 टक्क्यांच्या वर, कांद्यात त्याच्या आसपास. म्हणजे कच्चे मशरूम आणि ढोबळी मिरची मिळून 100 ग्रॅम घातलं तर पिझ्झ्यावर सुमारे सहा मोठे चमचे पाणी ठेवल्यासारखं झालं. सगळं बाहेर येत नाही हे खरं. पण जे येतं ते उतरतं मधे, कारण पीठ तिथेच सर्वांत पातळ असतं आणि काठ त्याला बाहेर जाऊ देत नाही.

त्यात चीज. अमेरिकेच्या मानकांप्रमाणे साध्या मोझरेलात 52 ते 60 टक्के ओलावा असतो, आणि पिझ्झ्यासाठी खास बनवलेल्या कमी ओलाव्याच्या मोझरेलात 45 ते 52 टक्के. पाण्यात ठेवलेला ताजा गोळा कापून, चाळणीत ठेवून आधी निथळावा लागतो. ज्या स्वयंपाकघरात गडबड आहे तिथे पहिली काट बसते ती या निथळण्याला. पिझ्झ्यावर पांढरट पाण्याचं थारोळं दिसलं तर ते सॉसचं नाही, चीजचं आहे. लालसर दिसलं तर टोमॅटोचं. हा फरक वेटरला सांगण्यासारखा आहे, कारण त्यावरून आत कुणाला काय बोलायचं ते त्याला कळतं.

ऑर्डर देताना काय बदलायचं? वरचे पदार्थ दोनपेक्षा जास्त नकोत. त्या दोनांतला किमान एक कोरडा किंवा आधी शिजवलेला हवा: भाजलेली ढोबळी मिरची, परतलेला कांदा, वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्ह, मक्याचे दाणे. “मशरूम कच्चे घालता की परतून?” हा प्रश्न विचारायला लाजू नका. ज्या दुकानात परतून घालतात तिथले लोक या प्रश्नाने खूशच होतात. तुळस, रॉकेटसारखी पानं भाजून झाल्यावर वरून टाकायला सांगा.

आणि दोन शब्द मेन्यूतून मनाने खोडून टाका: एक्स्ट्रा चीज, एक्स्ट्रा सॉस. पातळ पिझ्झ्यावर या दोन गोष्टी मागून मग तो मधे ओला आला म्हणणं अन्यायाचं आहे. मेन्यूवरचा सगळ्यात महागडा, सात-आठ पदार्थ रचलेला पिझ्झा माझ्या मते जवळजवळ प्रत्येक दुकानातला सर्वांत कमकुवत पिझ्झा असतो. ज्या पिठावर तो रचतात ते पीठ तेवढं ओझं पेलायला बनवलेलंच नसतं. जाड, भांड्यात भाजलेल्या पिझ्झ्याला हे लागू नाही, तो भार पेलतो.

अर्धा-अर्धा पिझ्झा हे याच आजाराचं वेगळं रूप. एका बाजूला नुसतं चीज, दुसऱ्या बाजूला भाज्यांचा ढीग. कोरडी बाजू तयार होते तेव्हा ओली कच्ची असते, ओली तयार होते तेव्हा कोरडी करपते. घ्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंचं ओझं सारखं निवडा.

सॉसच्या खाली पांढरा, चिकट थर

कापलेल्या कडेला तळ तपकिरी, त्यावर पांढरी, गुळगुळीत, ओल्या पिठासारखी पट्टी आणि मग सॉस. हा नुसता ओलेपणा नाही, इथे पीठच शिजलेलं नसतं. ओळखायची खूण: काट्याच्या टोकाने ती पट्टी दाबा. शिजलेलं पीठ दबून परत वर येतं. कच्चं काट्याला चिकटतं आणि मैद्याचा वास येतो.

बहुतेक वेळा कारण स्वयंपाकघरातल्या रांगेत असतं. गर्दी वाढली की पिझ्झे आधीच थापून, सॉस लावून ठेवतात आणि भट्टीत जागा झाली की एकेक सरकवतात. तेवढ्या वेळात सॉसचं पाणी पिठात मुरतं. फ्रिजमधून काढलेला पिठाचा गोळा नीट तापमानावर न येताच थापला तर तेच होतं. कधी मधला भाग जाड राहिलेला असतो, एवढं साधं.

हा पिझ्झा खाऊ नका, नवा मागा. कच्चा मैदा हा कच्चाच पदार्थ आहे, त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात, म्हणून न शिजलेलं पीठ पोटात घालणं हा नुसता चवीचा प्रश्न उरत नाही. असा पिझ्झा पुन्हा भाजून आणण्यातही अर्थ नसतो. आतला थर शिजेपर्यंत वरचं चीज रबर होतं.

काठ वातड

काठ मोडून बघितलात तेव्हा आत लहान-मोठ्या पोकळ्या दिसायला हव्यात. घट्ट, पांढरा, पावासारखा एकसंध काठ दिसला तर पिठाला पुरेसा वेळ मिळालेला नाही. बरीच दुकानं पीठ थंड जागी 24 ते 72 तास आंबवतात. त्यात चव येते आणि पीठ ताणायलाही सोपं होतं. घाईत मळून, थोडा वेळ ठेवून लाटलेलं पीठ भट्टीत नीट फुगत नाही आणि गार होताच आणखी ताठरतं.

उलट टोकही असतं. जास्त आंबलेल्या पिठातली साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते, म्हणून भट्टी तापलेली असूनही काठाला रंग चढत नाही. वास आंबट, किंचित दारूसारखा. हे दोन्ही बिघाड टेबलावर दुरुस्त होत नाहीत. पण ते दुकानाचे कायमचे असतीलच असंही नाही. पिठाचा एखादा घाणा बिघडतो. दोन वेगळ्या दिवशी तेच आढळलं तर मात्र पद्धतच तशी आहे समजा.

काठावरचे बारीक काळे ठिपके हा दोष नाही, खूप तापलेल्या भट्टीतल्या, नीट आंबलेल्या पिठावर ते येतातच. खालच्या बाजूला सलग काळं आणि जिभेला कडवट लागलं तर लादीवर सांडलेला आधीच्या पिझ्झ्यांचा मैदा जळून चिकटलेला असतो. थोडा असेल तर सुरीने खरवडा, सगळाच तळ तसा असेल तर परत द्या.

तेल आणि रबर झालेलं चीज

चीज जास्त तापलं की त्यातली चरबी सुटते आणि वर तरंगते. वर पेपरोनीसारख्या मांसाच्या चकत्या असतील तर त्यांचं तेल वेगळं. थोडं तेल साहजिक आहे, टिश्यू पेपर हलकेच टेकवून टिपून घ्या आणि पुढे चला.

रबराची तक्रार मात्र बहुतेक वेळा स्वयंपाकघराची नसतेच. चीज गार होताना त्यातली चरबी गोठते आणि प्रथिनांची जाळी आवळते. चांगलं मोझरेलाही दहा-पंधरा मिनिटांनी ताणलं जात नाही, तुटतं. चौघांनी चार पिझ्झे एकदम मागवले की शेवटचा तुकडा हमखास असाच लागणार. त्याऐवजी दोन मागवा, चौघांनी वाटून खा, ते संपत आले की पुढचे दोन सांगा. सगळ्यांना गरम मिळतं, लादीलाही मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. या एका बदलाने जेवणात जेवढा फरक पडतो तेवढा दुकान बदलूनही पडेल असं मला वाटत नाही. ज्यांना स्वतःचा वेगळा पिझ्झाच हवा असतो त्यांच्यापुढे अर्थात इलाज नाही.

भाजायला दीड मिनिट, यायला पाऊण तास

हे कोडं अनेकांना पडतं, विशेषतः निम्मी टेबलं रिकामी दिसत असताना. टेबलं रिकामी असली तरी भट्टी रिकामी नसते. पार्सलच्या आणि ॲपवरच्या ऑर्डर त्याच भट्टीतून जातात आणि त्या तुम्हाला बसल्या जागेवरून दिसत नाहीत. दारापाशी हेल्मेट घालून किती जण उभे आहेत ते आत शिरतानाच बघून घ्या. रांगेचा खरा अंदाज टेबलांवरून बांधू नका, त्यावरून बांधा.

दुसरा उशीर आणखी त्रासदायक. तुमचा पिझ्झा झालेला असतो, पण त्याच टेबलावरचा पास्ता तयार व्हायचा असतो, म्हणून पिझ्झा काउंटरवर थांबतो. गार झालेला, तळ मऊ पडलेला पिझ्झा ‘ताजा’ म्हणून समोर येतो. यावर उपाय एका वाक्याचा आहे, ऑर्डर देतानाच सांगा: “जे तयार होईल ते लगेच आणा, एकत्र आणायला थांबू नका.” बऱ्याच ठिकाणी न सांगता एकत्रच आणायची पद्धत असते, कारण तशी अपेक्षा करणारे ग्राहकही असतात.

तक्रार करायची तर

पहिल्या दोन घासांत करा. पाऊण पिझ्झा संपवून “बरोबर नव्हता” म्हटल्यावर समोरच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. “मजा नाही आली” हे वाक्य स्वयंपाकघरात पोचलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. त्याऐवजी तुकडा उलटा धरून दाखवा: “खालून पांढरा आहे, बघा.” किंवा कड दाखवा: “इथे पीठ कच्चं आहे.” वेटरने पिझ्झा भाजलेला नसतो, त्याच्यावर आवाज चढवून भट्टी तापत नाही. आणि नेमकं काय हवं तेही सांगा. तळ फिकट असेल तर पुन्हा भाजून, पीठ कच्चं असेल तर नवा. नवा मागताना एक पदार्थ कमी करायला सांगितलात तर तोच बिघाड परत यायची शक्यता कमी होते.

घरी मागवलेला पिझ्झा

याचा हिशेब वेगळा, कारण इथे खलनायक खोका आहे. बंद पुठ्ठ्यात वाफ कोंडते आणि तळापासून काठापर्यंत सगळं मऊ करते. मधे जो छोटा, तीन पायांचा प्लास्टिकचा स्टूल असतो तो झाकण खचून चीजला चिकटू नये म्हणून. कार्मेला व्हिटाले या बाईंना अमेरिकेत 1985 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. काम तो चोख करतो, पण वाफेसाठी त्याचा काही उपयोग नाही. वाफेसाठी खोक्याला भोकं असतात, आणि ती पिशवीत गुंडाळल्यावर बंद होतात. स्वतः जाऊन आणत असाल तर पिशवी नाकारा, झाकण बोटभर उघडं ठेवा आणि “कापू नका” असं सांगा. न कापलेल्या पिझ्झ्याचा सॉस चिरांमधून खाली झिरपत नाही. घरी आल्यावर कापा.

मऊ पडलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तो आधी लिबलिबीत होतो आणि दोन मिनिटांत वातड. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता तुकडा ठेवा, तळ कडक झाला की तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून लगेच झाकण ठेवा. मिनिटभरात वरचं चीज परत सैल होतं. उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. तिथे तो कडक होणारच, कारण पिठातला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने पुन्हा घट्ट होतो. गरम केल्यावर तो पुन्हा मऊ होतो, म्हणून फ्रिजमधला थंड तुकडा चाखून निकाल देऊ नका.

सगळं करूनही तेच होत असेल

मग एक साधी चाचणी घ्या. गर्दी नसलेल्या वेळी जा आणि फक्त मार्गरिटा मागवा. टोमॅटो, मोझरेला, तुळस, थोडं तेल. लपवायला काहीच नाही. एक्स्ट्रा काही नको, अर्धा-अर्धा नको. आल्याबरोबर खालची बाजू, कड आणि काठ बघा.

मार्गरिटा चांगला आला तर भट्टी आणि पीठ दोन्ही ठीक आहेत, बिघाड तुमच्या नेहमीच्या ऑर्डरच्या ओझ्यात आहे. एकेक पदार्थ वाढवत जा, कुठे बिघडतं ते लगेच कळेल. गर्दी नसताना चांगला आणि गर्दीत वाईट येत असेल तर लादीला उसंत मिळत नाही, तिथे शनिवारी रात्री जाऊ नका.

भिंतीवर नेपल्सच्या संघटनेचं प्रमाणपत्र टांगलेलं असेल तर त्याने या चाचणीत फरक पडू देऊ नका. अस्सल नेपोलिटन पिझ्झ्याची ती संघटना 1984 पासून पद्धत जपण्याचं काम करते, आणि नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेली. प्रमाणपत्र सांगतं की या दुकानाला पद्धत माहीत आहे. आज लादी किती तापलीये, ते नाही सांगत.

मोकळ्या वेळी, साधा मार्गरिटा, दोन वेगळ्या दिवशी, आणि दोन्ही वेळा तळ पांढरा किंवा पीठ कच्चं निघालं, तर तुमच्या बाजूने बदलण्यासारखं काही शिल्लक नाही. तिथे पास्ता मागवा किंवा दुसरीकडे जा, आणि दुसरीकडे गेल्यावर पहिली ऑर्डर पुन्हा मार्गरिटाचीच द्या.